मणक्यातला गॅप

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, पेनाच्या टोपणाने माझ्या मानेतले मणके वरून खाली मोजले, पाचव्या-सहाव्यापाशी थांबले आणि म्हणाले, “ताई, इथे गॅप आलाय.”

मणक्यात गॅप ही आता आपल्याकडे आजारापेक्षा ओळख झाली आहे. आमच्या सोसायटीत कमरेच्या गॅपवाले तिघे आहेत, मानेच्या गॅपचा मान माझा. तीस वर्षं मी प्रूफं तपासली, मान खाली घालून. संसारातही इतकी कधी घातली नसेल. त्यामुळे दुखणं आलं याचं आश्चर्य नव्हतं, खटकला तो शब्द. एक्स-रेत बाकीच्या मणक्यांमध्ये छान काळी फट दिसत होती आणि पाचव्या-सहाव्यात ती जवळजवळ मिटलेली. म्हणजे गॅप आला नव्हता, गेला होता. मी तसं म्हटलं, तर डॉक्टर हसले. “बरोबर आहे तुमचं. मधली गादी झिजली की फट कमी होते. पण पेशंटला ‘गॅप गेला’ म्हटलं तर तो बरा झालो समजून घरी जाईल.”

गोळ्या, शेक, मानेचा पट्टा. पट्टा लावला की माणूस कायम थोडासा तुच्छतेने जगाकडे पाहतोय असं दिसतं. भाजीवालीसुद्धा त्या आठवड्यात माझ्याशी अदबीने वागली.

श्रावणात पुण्याहून भाचा आला. तो भूशास्त्रात एम.एस्सी. करतोय, आणि त्याच्या खिशात कायम एखादा दगड असतो, हे आमच्या वॉशिंग मशीनला चांगलं ठाऊक आहे. टेबलावरचा एक्स-रे त्याने न विचारता उचलला आणि ट्यूबलाइटसमोर धरला.

“मावशी, सातच?”

“किती हवे होते?”

“मामेन्चीसॉरसला एकोणीस होते.”

माणसाला मानेत सात मणके. जिराफाला सात, उंदराला सात, देवमाशाला तर मान दिसतही नाही, तरी सात. स्लॉथसारखे एखाददुसरे अपवाद सोडले तर सस्तन प्राण्यांनी हा आकडा कधी बदललाच नाही. जिराफाने काय केलं, तर आहेत तेच मणके ताणले. सॉरोपॉडांनी दोन्ही केलं: मणके वाढवले आणि एकेक मणका लांबवलाही. सॉरोपॉड म्हणजे लहान मुलं डायनोसॉर काढतात तेव्हा दात विचकणारा एक झाला की दुसरा जो काढतात तो. हत्तीचे पाय, लांब शेपूट, त्याहून लांब मान आणि टोकाला इवलंसं डोकं. मामेन्चीसॉरस हा त्यांतलाच, चीनमधला. त्याच्या एका जातीची मान १५ मीटर असावी असा अंदाज आहे. आमची चार मजली बिल्डिंग आडवी घातली तर जेवढी होईल तेवढी नुसती मान. जिराफाची दोन मीटरच्या आसपास भरते.

एवढी मान पेलायची कशी, हा प्रश्न गळ्यात पट्टा असल्यामुळे मला फार जवळचा वाटला.

भाच्याने मोबाइलवर एका मणक्याचा आडवा छेद दाखवला. मला तो मणका वाटेचना. घोसाळं वेलीवरच वाळू दिलं की आत जी जाळी उरते, तसं काहीतरी. पातळ भिंती, काही ठिकाणी जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, आणि मध्ये पोकळ्याच पोकळ्या. कित्येक सॉरोपॉडांच्या मानेच्या मणक्यात अर्ध्याहून जास्त जागा हवेची होती. पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि त्यांचे फाटे हाडांत शिरतात, तसंच हे. हाडांवर त्या फाट्यांच्या खुणा राहिल्यात, खळगे आणि भोकं, म्हणून तर पिशव्यांचा पत्ता लागला. पिशव्या स्वतः कुणाला सापडलेल्या नाहीत. इंग्लंडमधल्या हॅरी सीलीला असा पोकळ मणका पाहून वाटलं, हा उडणाऱ्या सरड्यांच्या आणि पक्ष्यांच्या मधला कुणीतरी असणार. १८७० मध्ये त्याने नाव दिलं ऑर्निथॉप्सिस, म्हणजे पक्ष्यासारखा. प्राणी निघाला जमीन हादरवणारा. पण सीलीची चूक मला आवडली. हवा बरोबर ओळखली, फक्त प्राणी चुकला.

या पिशव्यांचा दुसरा उपयोग श्वासाचा. लांब नळीतून श्वास घ्यायचा तर नळीत अडकलेली जुनी हवाच पुन्हा आत-बाहेर होत राहण्याचा धोका. पक्ष्यांच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, आणि पिशव्यांमुळे साठाही मोठा राहतो, म्हणून त्यांचं भागतं. सॉरोपॉडांचंही तसंच भागत असावं.

आणि डोकं. ते इतकं लहान का, याचं उत्तर ऐकून मला माझी आजी आठवली, जी एक घास बत्तीस वेळा चावायला लावायची. हे प्राणी तिच्या पंगतीत बसलेच नसते. चावणं हा प्रकारच नाही. ओरबाडायचं आणि गिळायचं, पुढचं पोट बघेल. चावायचं नाही म्हणून दाढा नाहीत, जबड्याचे मोठे स्नायू नाहीत, म्हणून डोकं हलकं, आणि डोकं हलकं म्हणून मान लांबवायला परवडते. दात नुसते ओरबाडायचे, कुणाचे चमच्यासारखे, कुणाचे पेन्सिलीसारखे. ते झिजायचेही लवकर. डिप्लोडोकस नावाच्या सॉरोपॉडाला एकेका जागी साधारण ३५ दिवसांत नवा दात यायचा. माझं एक रूट कॅनल तीन महिने चाललं होतं.

सगळंच काही हुशारीचं नव्हतं. आवाजाच्या पेटीकडे जाणारी एक नस असते. मेंदूतून निघते, पेटीच्या शेजारून खाली छातीत जाते, हृदयाजवळच्या धमनीला वळसा घालते आणि परत वर येते. आपल्यातही ती अशीच जाते. पंचवटीतून रविवार कारंज्याला निघालेल्या माणसाने व्हाया घोटी जावं तसं. पूर्वजांना मान नव्हती तेव्हा तो रस्ता सरळ होता, मान वाढत गेली आणि वळसाही. सर्वांत लांब सॉरोपॉडांत हा फेरा २८ मीटरपर्यंत गेला असावा असा हिशेब एका अभ्यासकाने मांडलाय. नस अर्थातच दगडात मिळालेली नाही. पण मासा, बेडूक, सुसर, पक्षी, माणूस, सगळ्यांत तिचा रस्ता तोच, मग यांच्यात वेगळा कसा असेल?

मग मी माझा प्रश्न विचारला. एवढी मान ते वर धरायचे की आडवी?

“भांडण आहे,” तो खुशीत म्हणाला.

१९९९ मध्ये अमेरिकेत दोघांनी मणके संगणकात उतरवून एकमेकांना नीट जोडून पाहिले. डिप्लोडोकसची मान आडवी आली, पुढे किंचित जमिनीकडे झुकलेली. उंच झाडं ओरबाडणारा प्राणी एकदम जमिनीवरून झाडू फिरवल्यासारखा दिसू लागला. २००९ मध्ये दुसरे तिघे म्हणाले, असं नसतं. ससा, कोंबडी, मांजर, कुणाचाही एक्स-रे काढा, जमिनीवरचा प्राणी सावध उभा असताना मान वर धरतो, नुसती हाडं जोडून दिसते त्याच्या बरीच वर. मग यांनीच का खाली घालावी? आणि पुढे मुद्दा आला तो मधल्या गादीचा. मणक्यांच्या मधली कूर्चा दगडात उरत नाही. उरतात ती हाडं. दोन मणक्यांमध्ये किती जागा सोडायची हे ज्याने त्याने ठरवायचं. गादी जाड धरली की मान वर उचलली जाते, पातळ धरली की खाली येते, शिवाय ती किती वळेल तेही बदलतं. मानेत पंधरा-पंधरा सांधे, प्रत्येक ठिकाणी थोडा फरक, आणि टोकाला डोकं कितीतरी मीटर वर नाहीतर खाली.

“म्हणजे यांच्याही मणक्यात गॅप,” मी म्हणाले.

तो इतका हसला की चहा सांडला.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर आम्ही पांडवलेण्यांवर गेलो. पट्टा लावून पायऱ्या चढताना पाय दिसत नाहीत, त्यामुळे मी भाच्याचा दंड धरून चढले. वर लेण्याच्या ओसरीत बसल्यावर त्याला विचारलं, की आपल्या नाशकात यातलं काही सापडत नाही का? त्याने भिंतीवर हात ठेवला.

“मावशी, आपल्याकडे नुसतं झाकण आहे.”

झाकण म्हणजे हा काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांहून थोडं मागे, जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर, आणि बहुतेक महाराष्ट्र त्याखाली गेला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन त्याची आहे. अभ्यासकांनी या थरांना गावांची नावं दिलीत, आणि अगदी तळाच्या थरांतल्या एकाचं नाव आहे इगतपुरी. आपण कसाऱ्याचा घाट चढून आलो की ज्या गावात वडापाव खातो, ते जगभरच्या भूशास्त्राच्या कागदांत आहे. ब्रह्मगिरी, अंजनेरी, चामरलेणी, सगळं त्याच घराण्यातलं. पण वितळलेल्या दगडात हाडं कुठून राहणार? हाडं राहतात गाळात. लाव्हात राहतात ते बुडबुडे. थिजताना वायूचे जे फुगे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपून स्फटिक वाढले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दिव्यांखाली चमकतात ते अशाच पोकळ्यांमधले. त्या दिवसांत मला सगळीकडे पोकळ्याच दिसत होत्या, हे कबूल करते.

“पण झाकणाखाली असतील ना?” मी सोडेना.

“असतीलही. पण कोयनेला किलोमीटरभर खाली भोक पाडून पाहिलंय. लाव्हा संपला की थेट ग्रॅनाइट. मधे गाळाचा थरच नाही.”

माझा चेहरा पडलेला पाहून त्याने मला एक हत्ती दिला. नांदूर मध्यमेश्वरला, जिथे आपण थंडीत पक्षी बघायला जातो, गोदावरीच्या गाळात एका नामशेष हत्तीची प्रचंड कवटी सापडली होती. १९०५ मध्ये तिच्यावर लेख छापून आलाय. पण हत्ती म्हणजे अगदी कालपरवाचा. आणि त्याला मानेत सात मणके.

खरा नकाशा त्याने घरी आल्यावर उलगडला. “गंगेच्या काठाने खाली चल,” म्हणाला. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. पैठण, नांदेड, आणि मग पार गडचिरोलीच्या टोकाला सिरोंचा, जिथे प्राणहिता तिला मिळते. तिथे झाकण नाही. तिथे गाळाचे जुने दगड उघड्यावर आहेत, आणि त्यात सॉरोपॉडांच्या घराण्याची वंशावळ जवळजवळ ओळीने पडली आहे. सर्वांत खाली, मालेरीच्या थरांत, वीस कोटी वर्षांहून जुने नांबालिया आणि जकलापल्लीसॉरस: काही मीटर लांब, मागच्या दोन पायांवर चालणारे, पुढे जे झालं त्याची कल्पनाही नसलेले चुलते. त्यांच्या वर लॅम्पल्यूसॉरा, दहा मीटरांचा, बहुतेक चार पायांवर उतरलेला. त्याच्या वर, सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून ज्यांना नाव मिळालं त्या थरांत, कोटासॉरस आणि बारापासॉरस. हे पुरते चारपायी, खांबासारख्या सरळ पायांचे.

‘बारापा’ वाचून प्रूफ तपासणारीचा हात थबकला. बारा पायांचा? नाही. बडा पा, मोठा पाय, बंगालीतून आलेला. मांडीचं हाड जवळपास माणसाच्या उंचीचं निघालं म्हणून. आणि पुढचं नाव टागोराय, कारण खोदकाम भरात होतं ते १९६१ साल रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं. खोदणारे कोण, तर कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. आकडेवारीच्या संस्थेचं डायनोसॉरशी काय काम, हे मीही विचारलं. संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांना मोजण्यासारखं सगळंच हवं होतं. त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना बोलावलं आणि संस्थेत भूशास्त्र सुरू झालं. लॅम्पल्यू हे त्याच बाईंचं मधलं नाव.

पोचमपल्ली गावाजवळ एकाच जागी बारापासॉरसची सुमारे ३०० हाडं, निदान सहा जनावरांची, आणि त्यांच्यातच दगड झालेले झाडांचे बुंधे. एक तर्क असा की कळपच्या कळप पुरात गेला आणि ओंडक्यांबरोबर वाहत येऊन तिथे अडकला. तो पूर गोदावरीचा नव्हे, तेव्हा गोदावरी नव्हतीच. पण हे ऐकत होते त्याच संध्याकाळी गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता, आणि खाली कुणीतरी नेहमीप्रमाणे विचारलं होतं, “दुतोंड्या कुठवर?” नाशकात पूर मीटरमध्ये मोजत नाहीत. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, मानेला पाणी लागलं असं सांगतात. मी त्या सहा जनावरांच्या अंगावर तेच पाणी चढवून पाहिलं. मारुती कधीच बुडाला असता, पण यांची मान पाण्यावरच राहिली असती, असं वाटलं. भाच्याने दुरुस्ती केली: मोठी जनावरं उंचीमुळे बुडत नाहीत, ओढीमुळे जातात.

बारापासॉरसची कवटी सापडली नाही. थोडे दात तेवढे मिळाले. चित्रातलं त्याचं डोकं नातेवाइकांकडून उसनं घेतलेलं आहे. त्याच्या मणक्यांना कडेने खळगे आहेत, पण उथळ. पोकळी नुकती कुठे सुरू झालेली. घोसाळ्याची जाळी व्हायला अजून कोट्यवधी वर्षं होती.

पुढची पानं चंद्रपूरकडची. लाव्हाच्या अगदी तोंडावरचा काळ, आणि हे टायटॅनोसॉर, सॉरोपॉडांचंच एक कूळ. वरोऱ्याकडच्या डोंगरगावात इसिसॉरस मिळाला, मान इतरांच्या मानाने आखूड आणि पुढचे पाय लांब. त्याच्या नावातला ‘इसि’ म्हणजे पुन्हा ती सांख्यिकी संस्थाच, इंग्रजी आद्याक्षरांनी. आणि जवळच्या पिसदुऱ्याला मिळालं शेण. दगड झालेलं. ते कापून, विरघळवून पाहिलं तेव्हा आत गवताच्या पानातले सूक्ष्म काचेचे कण निघाले. २००५ मध्ये हे छापून येईपर्यंत, डायनोसॉरच्या काळात गवत म्हणावं असं काही नव्हतंच, असं पुस्तकं सांगत होती. त्या कणांत काही भाताच्या भाऊबंदांचे होते. माझं माहेर घोटीकडचं. भाताच्या पात्याने पोटरीवर उठणारे ओरखडे मला ठाऊक आहेत. ते पातं धारदार असतं ते याच काचेने. हे मी भाच्याला सांगितलं, आणि पहिल्यांदाच त्याने माझं वाक्य वहीत लिहून घेतलं.

शेपटीच्या मणक्यांची गोष्ट मात्र माझ्या धंद्यातली निघाली. १८२८ मध्ये जबलपूरला कॅप्टन स्लीमनला, तोच तो ठगांचा बंदोबस्त करणारा, काही हाडं सापडली. १८७७ मध्ये लिडेकर या अभ्यासकाने शेपटीच्या मणक्यांवरून नाव ठेवलं टायटॅनोसॉरस इंडिकस. एका तोंडाला वाटी, दुसऱ्याला गोळा, असे ते मणके. तेव्हा हे वैशिष्ट्य वाटलं. मग जगभर, अर्जेंटिनापासून मादागास्करपर्यंत, वाटी-गोळ्याच्या शेपट्या निघत गेल्या आणि जे एकाची खूण होती ते सगळ्या कुळाचं लक्षण ठरलं. २००३ मध्ये दोघा अभ्यासकांनी हे नाव निकामी ठरवलं. प्रूफात काट मारावी तसं. कुळाचं नाव टायटॅनोसॉर राहिलं, पण ज्याच्यावरून ते पडलं तो घरातून गेला. गंमत पुढेच आहे. ते मूळ मणके कधीचे हरवलेले होते. नाव काटल्यावर नऊ वर्षांनी, २०१२ मध्ये, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातल्या संग्रहातच ते सापडले. घरातच होते. चष्मा कपाळावर असतो तसे.

अंड्यांबद्दल थोडंच. नर्मदेच्या खोऱ्यात, धारकडे, ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. गोल, पंधरा-वीस सेंटिमीटरची, म्हणजे एवढा जीव नारळाएवढ्यातून सुरू व्हायचा. त्याच वर्षाअखेरी बातमी होती की तिथल्या एका गावात लोक असे गोल दगड शेताचा राखणदार भैरव म्हणून पुजत होते. बातमीत थोडा हसण्याचा सूर होता, तो मला पटला नाही. आपल्याकडे बांधावरच्या म्हसोबाला शेंदूर लावतो तसंच हे. शेतात नांगराला लागलेला अगदी गोल दगड काहीतरी आहे, एवढं त्यांनी शास्त्रज्ञांच्या आधी ओळखलं होतं.

भाचा गेला. जाताना गारगोटीचा एक तुकडा माझ्या प्रूफांवर वजन म्हणून ठेवून गेला. तो पोकळ आहे, आत पांढरे स्फटिक आहेत, आणि कागद अजिबात धरत नाही.

दीड महिन्याने दुसरा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो जुन्याशेजारी धरला, टोपणाने पुन्हा मोजले, पुन्हा पाचव्या-सहाव्यापाशी थांबले. म्हणाले, फारसा फरक नाही, पण वाढलेलं नाही, व्यायाम चालू ठेवा, पट्टा सोडा आता.

मी विचारलं, “मधली गादी नक्की किती उरली आहे?”

“गादी एक्स-रेत दिसत नाही, ताई,” ते म्हणाले. “दिसतात ती हाडं. बाकी मी फटीवरून अंदाज करतो.”